गाडी कलते ती पाट्यानं का चाकानं?

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की या पानाकडं येणाऱ्या पत्रांचा ढीग वाढतो, कारण तोवर कापूस, गहू, हरभरा सगळं वाहून झालेलं असतं आणि गाडीनं वर्षभर जे मुकाट सोसलं ते एकदम बोलायला लागतं. यावेळी निम्मी पत्रं जुन्या पिकअपची, आणि तीही पाटे (मागं गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या वाकड्या पट्ट्या) आणि चाकं यांचीच. म्हणून म्हटलं ट्रॅक्टरच्या क्लचवालं आणि बुलेटच्या आवाजवालं पुढच्या अंकात घेऊ. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, तर तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : नाना, राम राम. माझ्याकडं पिकअप आहे, २००९ चं मॉडेल, मी तिसरा मालक. केळीचे घड वाहतो, रावेर-सावदा रोजचं, कधी बऱ्हाणपूर. गाडी घेतली तेव्हापासून मागून डावीकडं बसलेली दिसायची. गॅरेजवाला म्हणे डावे पाटे थकले, त्यानं डाव्या बाजूला एक पाटा ज्यादा टाकून दिला, गाडी सरळ झाली, मी खुश. चार महिने चांगली चालली. मागच्या महिन्यात मागचं डावं चाक पंक्चर झालं, स्टेपनी लावली, तर गाडी आता उजवीकडं कलली! आता तोच मिस्त्री म्हणतो उजवीकडं पण एक पाटा टाकू. पुढची दोन चाकं एकसारखी आहेत. मागं उजवीकडं ७.०० आर १५ रेडियल, डावीकडं पंक्चर झालं ते २१५/७५ आर १५, स्टेपनी ७.०० चीच पण नायलॉन. आणि स्टेपनीची डिस्क (टायर जिच्यावर चढतो ती लोखंडी) काळी आहे, बाकीच्या चांदी कलरच्या, त्या काळ्या डिस्कचे नट आठ दिवसांत ढिले होतात. टाकू का पाटा?
(रावेर तालुक्यातून)

उत्तर : राम राम भाऊ. नका टाकू. पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा हसू आलं, तुमच्यावर नाही, त्या बिचाऱ्या डाव्या पाट्यांवर, कारण त्यांचा बहुतेक काही गुन्हाच नव्हता आणि शिक्षा मात्र त्यांना झाली.

टायरवरचे आकडे आपण कधी वाचत नाही, दुकानदार म्हणतो बसतं तर बसवतो. आता वाचा. २१५/७५ आर १५ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, त्याच्या ७५ टक्के त्याची उंची म्हणजे १६१, ती डिस्कच्या वर एकदा आणि खाली एकदा म्हणून ३२२, आणि मधली डिस्क १५ इंच म्हणजे ३८१. बेरीज झाली ७०३ मिलिमीटर. तुमचं ७.०० आर १५ कंपनीगणिक थोडं मागंपुढं होतं पण ७४० ते ७५० च्या घरात असतं. दोन्ही १५ चेच, दोन्ही त्याच डिस्कवर बसतात, म्हणून माणूस फसतो. पण एक चाक दुसऱ्यापेक्षा चार सेंटीमीटर मोठं, म्हणजे जमिनीपासून हबच्या, म्हणजे डिस्क जिथं नटांनी बसते त्या भागाच्या, मधापर्यंत दोन सेंटीमीटर जास्त उंच. हौसिंगच, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी ती जाड लोखंडी नळी, तिरपं झालं तर वरची गाडी सरळ कशी राहील? तुमची गाडी डावीकडं बसलेली दिसायची कारण डावीकडं लहान टायर होतं. मिस्त्रीनं पाटा घालून ती दोन सेंटीमीटर उचलली, डोळ्याला सरळ दिसली. मग पंक्चर झालं, स्टेपनी ७.०० ची निघाली, म्हणजे डावं चाक पण उजव्याएवढं मोठं झालं, आणि ज्यादाचा पाटा तर तिथंच बसलेला. आता डावी बाजू उंच. उजवीकडं कलणारच ना भो.

हे मी इथं बसून सांगतोय, खात्री तुम्ही करून घ्या, पैसा लागत नाही. गाडी रिकामी करा आणि सपाट जागेवर न्या. गॅरेजसमोरची जागा सपाट नसते, आपल्याकडं तर एकही गल्ली सपाट नाही. मी वजनकाट्याची प्लेट वापरतो, काटेवाला ओळखीचा असला तर दुपारी रिकाम्या वेळात दहा मिनिटं उभं राहू देतो, आणि वर रिकाम्या गाडीचं वजन पण कळतं. चारही टायरची हवा सकाळी थंड असताना सारखी केलेली पाहिजे. मग टेप घेऊन मागच्या दोन्ही बाजूंना दोन मापं घ्या. पहिलं, जमिनीपासून चेसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, खालच्या कडेपर्यंत. दुसरं, हौसिंगच्या नळीच्या वरून चेसीच्या खालच्या कडेपर्यंत, दोन्हीकडं बरोब्बर त्याच जागी. दुसरं माप दोन्हीकडं सारखं आणि पहिल्यात फरक, तर दोष चाकांचा. दुसऱ्या मापातच फरक, तर पाट्यांचा. एवढं सोपं आहे आणि एवढंच कोणी करत नाही, सगळे लांब उभं राहून एक डोळा मिटून बघतात.

त्यातूनही शंका राहिली तर मागची दोन चाकं आपसात बदला, उजवं डावीकडं, डावं उजवीकडं. कल चाकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर चाक चोर. जागेवरच राहिला तर पाटा, बुश (पाट्याच्या टोकाच्या भोकातलं रबर) नाहीतर चेसी. तुमच्याकडं तर हा प्रयोग पंक्चरनं आपोआपच करून दाखवला.

आता तो ज्यादाचा पाटा. तो काढायचाच. एका बाजूला पाच पाटे आणि एका बाजूला सहा अशी गाडी रिकामी असताना एक वागते आणि भरल्यावर दुसरी, कारण लोड आला की कमी पाट्याची बाजू जास्त दबते. केळी भरून सावद्याच्या वळणावर गाडी एका बाजूला जास्त झोपते असं तुम्ही लिहिलं नाही पण होत असणार. लोकांना वाटतं एक पाटा म्हणजे थोडासा फरक. पाट्याच्या जाडीचा हिशोब साधा नसतो, जाडी तीनदा घेऊन गुणावी लागते. सात मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा टाकला तर जाडी एक मिलिमीटरनंच वाढली पण तो पाटा जवळजवळ दीडपट कडक झाला. आणि गॅरेजवाल्यानं तुमच्या सेटमध्ये जो टाकला तो कुठल्या गाडीचा होता हे त्याला तरी माहिती आहे का? भंगारातला मिळाला, लांबी जुळली, टाकला, बहुतेक असंच.

अजून एक गोष्ट जी फार थोडे सांगतात. बऱ्याच पिकअपना मागं चेसीवर ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग खाली हौसिंगला जोडलेली असते. गाडीत माल भरला, मागची बाजू दबली, की ती दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही पाटे घालून मागची बाजू वर उचलून ठेवली तर भरलेल्या गाडीत पण त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. ब्रेक कमी. गाडी वाकून खाली बघा, तशी दांडी आहे का, आणि आहे तर वाकवून तारेनं बांधून ठेवलेली तर नाही ना. मी बांधलेल्या पण बघितल्यात.

मागच्या दोन चाकांचा आकार वेगळा असला की नुसती कलत नाही गाडी, हौसिंगमधला डिफ्रन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, मरतो. लहान टायर एका किलोमीटरला मोठ्यापेक्षा वीस-पंचवीस फेरे जास्त फिरतं, दहा किलोमीटरला दोन-अडीचशे. ते फरकाचे फेरे आतले लहान गिअर झेलतात, जे बनवलेत ते वळणावर दोन-चार फेरे झेलायला, सरळ रस्त्यावर दिवसभर फिरायला नाही. तुम्ही घेतल्यापासून आणि तुमच्या आधीच्या मालकानं किती महिने अशी चालवली देव जाणे, तर हौसिंगचं तेल एकदा काढून बघा. बोटावर घेऊन उन्हात धरा, चंदेरी चमक दिसली म्हणजे धातूची भुकटी. थोडी भुकटी जुन्या गाडीत असते, पण बोटाला कच लागली तर आतलं उघडून बघावं लागेल. तेल बदलायला पाट्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता तुमचं काळं चाक. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात भीतीदायक भाग आहे आणि तुम्ही तो शेवटी, जाता जाता लिहिला. आठ दिवसांत नट ढिला होतो म्हणजे डिस्क त्या गाडीची नाही किंवा नट त्या डिस्कचा नाही. चाक काढा, डिस्कची होलं फडक्यानं पुसा आणि नट जिथं टेकतो तिथं बघा. तिथं घासून चकचकीत कडं पडलेलं असतं. पूर्ण गोल कडं असेल तर नट नीट बसतोय. चतुर्थीच्या चंद्रासारखी कोर असेल तर तो एका बाजूनंच टेकतोय. काही डिस्कना नटाची जागा नरसाळ्यासारखी सरळ उताराची असते, काहींना वाटीसारखी गोल, आणि एकाचा नट दुसऱ्यात घातला तर घट्ट वाटतो पण बसत नाही. होल लांबट झालं असेल, अंड्यासारखं, तर ती डिस्क भंगारात. वेल्डिंग नाही, वॉशर नाही, भंगार.

होलं जुळतात का हे पण मोजा. पाच होलची डिस्क असेल तर शेजारशेजारच्या दोन होलांच्या मधोमध अंतर घ्या आणि १.७ नं गुणा. ८२ मिलिमीटर आलं तर गोलाचं माप साधारण १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. सहा होलची असेल तर समोरासमोरची दोन होलं सरळ मोजा, गुणाकार नको. मग दोन्ही डिस्का जमिनीवर पालथ्या टाका, कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबवर टेकणाऱ्या भागापर्यंत खोली मोजा. चांदीवाल्या डिस्कपेक्षा काळीची खोली कमी-जास्त असेल तर ते चाक बाहेर निघतं किंवा आत शिरतं, आणि बेअरिंगवर जोर वेगळ्या जागी पडतो.

तर पैसा असा लावा. आधी काळी डिस्क बदला, हे आज, उद्या नाही. मग मागं दोन टायर सारखे घ्या, गाडीच्या प्लेटवर कंपनीनं जी साईज लिहिली तीच, दोन्ही रेडियल. नायलॉन आणि रेडियल एका हौसिंगवर कधीच नको, रेडियलची बाजू मऊ असते, नायलॉनची ताठ, ब्रेक मारला की दोन चाकं दोन मतांची होतात. मग ज्यादाचा पाटा काढा. मग मोजा. त्याच्यानंतरही हौसिंग ते चेसी फरक निघाला तरच पाट्यांच्या दुकानात जा, आणि गेलात तर दोन्ही बाजूंचं काम एकदम करा.

प्रश्न : मी शहाद्याहून धडगावला किराणा नेतो. गाडी माझ्या हातात सरळ चालते पण मागून येणारे सगळे सांगतात की तुमची गाडी तिरपी चालली, मागचा भाग एका बाजूला. स्टेअरिंग पण थोडं वाकडं धरावं लागतं. अलाइनमेंट दोनदा केलं, आठ दिवस बरं वाटतं, परत तेच.
(शहादा)

उत्तर : अलाइनमेंटवाल्यानं तुमची पुढची चाकं मागच्या वाकडेपणाला जुळवून दिली, म्हणून आठ दिवस बरं वाटलं. दोष मागं आहे, हौसिंग सरकलंय.

पाट्यांच्या सेटच्या मधून एक बोल्ट जातो, सेंटर बोल्ट, त्याचं गोल डोकं हौसिंगवरच्या पॅडमधल्या खड्ड्यात बसतं. तेवढ्या एका डोक्यावर हौसिंगची जागा ठरते, आणि त्याला दाबून धरायचं काम दोन यू बोल्ट करतात. यू बोल्ट ढिले पडले की सगळा हिसका त्या लहान बोल्टवर येतो, आणि धडगावचा रस्ता म्हणजे हिसकाच आहे नुसता. बोल्ट तुटतो. तुटल्याचा आवाज पण येत नाही. एका बाजूचं चाक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पुढं किंवा मागं जातं आणि गाडी कुत्र्यासारखी, मागचे पाय एका अंगाला टाकून पळते.

तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरे. सपाट जागेवर चारही हबच्या मधोमध ओळंबा सोडा, खाली खडूनं खूण करा, गाडी पुढं घ्या. मग डावीकडची पुढची ते मागची खूण मोजा, उजवीकडची मोजा. जुन्या गाडीत पाच-सात मिलिमीटर फरक मी चालवून घेतो. सेंटीमीटरच्या वर गेला तर खाली जाऊन यू बोल्ट बघा. पाटा आणि पॅड यांच्या कडेला जिथं वर्षांचा चिखल आणि गंज बसलेला असतो तिथं बारीक चकचकीत रेघ दिसेल, ताज्या लोखंडाची, म्हणजे तिथं घसट चालू आहे. मग पाट्याच्या डोळ्यातले बुश बघा, पहार घालून हलवा, आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) पण, पण माझा अंदाज सेंटर बोल्टवरच आहे.

नवीन सेंटर बोल्ट आणि त्याच्याबरोबर नवीन यू बोल्ट. जुने परत लावायचे नाहीत. यू बोल्ट आवळताना ताणला जातो, त्याचे आटे एकदा ओढले की परत तसे पकडत नाहीत. मी हे पुस्तकातून सांगत नाही. १९९८ साली मी पन्नास-साठ रुपये वाचवले, जुनेच यू बोल्ट ब्रशनं साफ करून लावले, आणि गाडी चाळीसगावकडून कन्नडच्या घाटात मधोमध अशी तिरपी उभी राहिली की मागं ट्रकची रांग लागली. मालक काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. त्याच्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. नवीन लावल्यावर गाडी चाकांवर उभी असताना आवळा, जॅकवर लटकलेली असताना नाही, चारही नट आळीपाळीनं थोडे थोडे. भरलेल्या गाडीनं चार-पाचशे किलोमीटर झाले की परत एकदा आवळा. हे दुसऱ्यांदा आवळणं कोणी करत नाही आणि मग बोल्टाला शिव्या देतात.

आणि जॅकवर गाडी चढवून खाली शिरताना चेसीखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड असलाच पाहिजे. विटा नको. वीट फुटते.

प्रश्न : नाना, आमच्याकडं पिकअप मीच बघते, हे शेतात असतात. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम, त्याच्याआधी टायर बदलायचेत पण चार नवीन परवडत नाहीत. जुने चांगले टायर किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवीन रबर चढवलेले) घेतले तर चालतील का? दुकानदार नुसतं नक्षीकडं बोट दाखवतो.
(चोपडा)

उत्तर : ताई, नक्षी शेवटी बघायची. आधी टायरच्या बाजूला डीओटी असं कोरलेलं असतं त्याच्या ओळीच्या शेवटचे चार आकडे बघा. ३२१७ असं असेल तर २०१७ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. कधी कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि दुकानदार बरोबर ती बाजू भिंतीकडं करून ठेवतो, तर फिरवून बघा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जळगाव-भुसावळकडं तर रस्त्यावर पाय ठेववत नाही. तिथं उभ्या गाडीचं रबर न चालता पण म्हातारं होतं. पाच-सहा वर्षांच्या वरचा टायर कितीही नक्षी असली तरी मी लोडच्या गाडीला घेत नाही. बाजूचं रबर अंगठ्यानं दाबून वाकवा, भेगाळलेल्या टाचेसारख्या बारीक चिरा दिसल्या की सोडून द्या. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, तो टायर संपला.

दुसरं, साईजच्या शेजारचा आकडा. १०० असेल तर तो टायर ८०० किलो झेलतो, १०८ असेल तर १००० किलो, ११२ असेल तर ११२०. कारचा टायर साईजला जवळ असला आणि बसला तरी हा आकडा कमी असतो, आणि फुटतो तो भर रस्त्यात. गाडीच्या कागदावर एकूण वजन असतं त्यातला मोठा वाटा मागच्या दोन टायरवर येतो, त्या हिशोबानं घ्या.

दोनच नवीन घेता येत असतील तर दोन नवीन घ्या, एकाच हौसिंगवर. चार चार तऱ्हेचे जुने घेण्यापेक्षा ते बरं. रिमोल्ड चांगल्या ठिकाणचा असेल तर मागं चालतो, पुढं मात्र अजिबात नको, पुढचा फुटला की स्टेअरिंग हातात राहत नाही.

कापसाचं अजून एक. केळी जड असते पण हौद्यात खाली बसते. कापूस वजनाला हलका आणि उंचीला केवढा, कॅबिनच्या वर दोन हात, शिवाय बाजूंना फुगलेला. वजनकाट्यावर आकडा कमी दिसतो म्हणून माणूस बिनधास्त असतो आणि वळणावर तोच भार गाडीला ओढतो. त्या दिवसांत टायरची हवा रोज सकाळी बघा, चालवून गरम झाल्यावर दाखवते ती हवा खरी नाही, आणि गरम टायरमधली हवा सोडून द्यायची तर अजिबात नाही, रात्री थंड झाला की तो कमी हवेचा होतो. पंक्चरवाल्याकडच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा घ्या, भाजीच्या पिशवीत मावतो.

प्रश्न : पाट्यांना लोहाराकडून गरम करून कॅम्बर (बाक) मारून घेतला, पंधरा दिवसांत परत बसले. आणि मिस्त्री म्हणतो पाटे कडक केले की मागचे शॉकअप काढून टाका, गरज नाही.
(पारोळा)

उत्तर : पाटा साध्या लोखंडाचा नसतो, स्प्रिंगच्या स्टीलचा असतो, आणि त्याचा ताण त्याला दिलेल्या पाण्यात असतो. कारखान्यात तो तापवून, तेलात विझवून, परत ठराविक उष्णतेला शेकून काढलेला असतो. लोहारानं भट्टीत किंवा गॅसनं मधोमध लाल केला आणि वाकवून तसाच मातीत थंड केला की तेवढ्या भागाचं पाणी गेलं, तो भाग आता साधी पट्टी आहे, पहिल्या खड्ड्यात सरळ होणार. थंडच ठोकून कॅम्बर मारणारे जुने कारागीर आहेत, धुळ्याला आग्रा रोडवर पाट्याच्या दुकानांत असे हात अजून दिसतात, त्यानं थोडे दिवस जातात. पण पाटा थकला असेल तर नवीनच घ्या. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारणाऱ्याकडं तर परत जाऊच नका.

शॉकअप काढून टाका म्हणणाऱ्याला एकदा रिकाम्या गाडीत मागं हौद्यात बसवून पारोळ्याहून अमळनेरला न्या. पाटा उडी मारतो, शॉकअप ती उडी थांबवतो. पाट्यापाट्यांत घसट असते त्यानं थोडी उडी मरते हे खरं, पण पाटे कडक केले की उडी वाढते, कमी होत नाही. चाक रस्ता सोडतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक नसतो. शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळलेलं असेल तर दोन्ही बदला. आणि पाट्यांवर इंजिनाचं जळकं तेल ओतायची जी सवय आपल्याकडं आहे ती सोडा, आवाज जातो पण बुशची रबरं फुगून मऊ होतात.

प्रश्न : गाडीला मोठे, रुंद टायर आणि स्पेसर (हब आणि डिस्कच्या मधली जाड चकती) लावून बाहेर काढायचेत, मागून दोन पाटे वाढवून उंच करायची. दिसायला भारी वाटते. पासिंगला अडचण येईल का?
(अमळनेर)

उत्तर : येईल, आणि यायलाच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं जे मूळ दिलं आणि कागदावर जे आहे त्याच्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी, म्हणजे जुन्या गाडीला दरवर्षी कुणीतरी खाली वाकून बघणारच. वर काळ्या डिस्कचं सांगितलं ते सगळं स्पेसरला परत लागू होतं, बेअरिंग, नट, सगळं. तेवढ्या पैशात चांगली ताडपत्री आणि फाळक्याचे नवीन कडीकोयंडे होतील.

ताजा कलम : हे पान छापायला जाता जाता रावेरवाल्या भाऊंचा फोन आला, त्यांना मी उत्तर आधीच पोस्टानं पाठवलं होतं. ज्यादाचा पाटा अजून तसाच असताना त्यांनी काट्यावर गाडी लावून मोजलं. हौसिंग ते चेसी डावीकडं १८ मिलिमीटर जास्त, म्हणजे त्या पाट्याचंच. तो काढला, काळी डिस्क भंगारात दिली, सारखे दोन टायर टाकले, परत मोजलं, दोन्हीकडं फरक दोन मिलिमीटरचा. हौसिंगच्या तेलात चमक होती, कच नव्हती, नशीब. मग त्यांनी विचारलं की नाना, त्या काढलेल्या पाट्याचं काय करू, मिस्त्री परत मागतोय. मी म्हटलं देऊ नका, तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत घालेल. गावातल्या लोहाराला द्या, घड कापायचे दोन चांगले कोयते निघतील त्यातून, आणि लोहाराला पाणी द्यायला सांगा, यावेळी मात्र नक्की.